मांजर घराचं होतं तेव्हा

आमच्या लहानपणी पोरगं शाळेत घालायचं झालं की गुरुजी त्याला उजवा हात डोक्यावरून घेऊन डाव्या कानाला लावायला सांगत. बोटं कानाला टेकली की नाव पहिलीत, नाही टेकली तर "पुढच्या साली आणा." जन्मतारीख बहुतेकांच्या घरी लिहिलेली नसे. ती गुरुजीच आपल्या मनाने टाकत, म्हणून माझ्या पिढीतली कितीतरी माणसं कागदोपत्री 1 जून नाहीतर 1 जुलैला जन्मलेली आहेत.

शाळेसाठी निदान ही कानाची मोजपट्टी होती. मांजरासाठी तीही नव्हती. आपलं लेकरू मांजर सांभाळण्याजोगं झालं का, असा विचार आमच्या वर्धा जिल्ह्यातल्या कोण्या आईबापाने साठ वर्षांपूर्वी केला असेल, असं मला वाटत नाही. आज मात्र हा प्रश्न मला विचारला जातो. मी जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळांत पहिली-दुसरीचे वर्ग सांभाळले. माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता स्वतः आईबाप झाली आहेत. कोणी आर्वी नाक्याजवळ फ्लॅट घेतलाय, कोणी सावंगीला, कोणी नालवाडीला. त्यांचे फोन येतात. "मॅडम, पोरगी साडेचार वर्षांची आहे. मांजराच्या पिल्लासाठी हट्ट धरून बसली. आणू का?"

हो किंवा नाही म्हणणं सोपं आहे. पण मला आधी आमचं गावचं घर आठवतं. तिथे हा प्रश्न का पडत नव्हता, हे नीट पाहिलं की आजचं उत्तर द्यायला बरं पडतं.

आमचं गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या अंगाला. मातीच्या भिंती, वर कवेलू, समोर सपरी, मागे अंगण आणि गोठा. दिवाळीच्या आगेमागे कापसाचा वेचा सुरू झाला की मधल्या खोलीत कापूस साठत जाई. बघता बघता ढीग आढ्याला टेके. भाव चढेल या आशेवर तो संक्रांतीपर्यंत, कधी होळीपर्यंत घरातच मुक्कामाला असे. 1972 मध्ये राज्य सरकारची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली आणि खरेदी केंद्रांपुढे बैलगाड्यांच्या रांगा लागू लागल्या, ती पुढची गोष्ट. आमच्या बालपणी मात्र झोपायला जागा माणसांना कमी आणि कापसाला जास्त होती.

कापसात सरकी असते आणि सरकीला उंदीर येतात. पलीकडे कणगीत ज्वारी, तिथेही उंदीर. उंदरामागे साप. सेवाग्रामच्या आश्रमात साप पकडायचा लाकडी चिमटा अजून पाहायला मिळतो. साप मारायचा नाही, धरून दूर सोडून यायचा, असा तिथला दंडक होता. आमच्या गावात एवढा संयम कुठला? आमचा इलाज मांजर.

ते मांजर कोणी आणलेलं नसे. ते असे. आधीच्या मांजरीच्या पिल्लांतलं एखादं टिकायचं, तेच पुढची मनी. तिला पट्टा नाही, वाटी नाही, निजायला वेगळी जागा नाही. दूध काढलं की गोठ्याच्या दाराशी तिचा हिस्सा पडायचा, दुपारी ताकात कुस्करलेली भाकर मिळायची, बाकी तिचं पोट तिने भरायचं. कापसाच्या खोलीचं दार कितीही ओढून घेतलं तरी बोटभर फट तिच्यासाठी सोडलेली असे. रात्री त्या खोलीतून धडपड ऐकू आली की आजोबा कूस बदलत म्हणायचे, "तिचं काम सुरू आहे." घरात ज्याला-त्याला काम होतं, तसं तिलाही होतं. आम्हा पोरांना मात्र खेळायला एक मांजर मिळालं आहे असं कोणी सांगितलं नव्हतं, आणि मांजरीलाही कोणी तसं सांगितलेलं नव्हतं.

थंडीत ती कापसातच व्यायची. घरातली सगळ्यात ऊबदार जागा तीच. पांढऱ्या ढिगात एक खोलगट खळी, तिच्यात चार-पाच मिचमिचे गोळे. कापूस इतका मऊ की पिल्लं त्यात बुडत, नुसती गुलाबी नाकं वर दिसत, आणि मनी एकेकाला मानेला धरून वर काढून पुन्हा पोटाशी लावी. आम्ही दाराच्या फटीतून बघायचो. आत जायची सोय नव्हती, कारण दारात माझी आजी असायची. तिला आम्ही सगळे मोठी माय म्हणत असू.

"डोये उघडले नाही तोवर हात लावाचा नाही. लावला तं मनी पिल्लं उचलून नेते, मंग बसा बोंबलत."

मांजर पिल्लांना सात घरं फिरवते अशी समजूत होती, त्यामुळे या धमकीत जोर होता. मोठ्या मायचे असे चार-पाचच नेम होते. मनी खात असताना जवळ जायचं नाही. निजलेलीला उठवायचं नाही. ती आपण होऊन मांडीवर आली तर बसू द्यायचं, उठून चालली तर धरून ठेवायचं नाही. आणि तान्हं लेकरू निजलेल्या खोलीत तिला सोडायचं नाही, दार लावून घ्यायचं. हा शेवटचा नेम मला पुढे गमतीचा वाटला. कारण तान्ह्या मुलांना जपणारी जी षष्ठीदेवी, आपली सटवाई म्हणा, तिचं वाहनच बंगालमध्ये मांजर मानतात. देवीला चालतं, पण पाळण्याजवळ नको, एवढा विवेक आमच्या घरात होता.

नेम मोडला तर शिक्षा मोठी माय करत नसे. एकदा माझ्या धाकट्या चुलतभावाने, असेल तीनेक वर्षांचा, मनीचं शेपूट धरून ओढलं. तिने आधी कान मागे पाडले. मग शेपटाचं टोक झटकलं. मग तोंडातून फस्स केलं. तो हसत होता. तेव्हा कुठे तिने पंजा मारला आणि एका झेपेत भिंतीवरून कवेलूवर गेली. मनगटावर तीन बारीक रेघा आणि घरभर रडणं. मोठी माय पाण्याचा तांब्या घेऊन आली, हात धुतला आणि म्हणाली, "तिनं तुले तीनदा सांगतलं. तू ऐकून नाही राह्यला त ते काय करन?" मनी संध्याकाळपर्यंत खाली उतरली नाही आणि कोणी तिला बोलावलंही नाही.

त्या प्रसंगात आजच्या पालकांसाठी दोन गोष्टी आहेत. मांजराला पळायला कवेलू होते. आणि पोराच्या आणि मांजराच्या मधे एक माणूस होतं, जे दिवसभर घरीच असे. आजी, काकू, शेतातून अर्ध्या दिवसाने परतलेली आई, कोणी ना कोणी. मूल तयार आहे का, हे विचारायची गरज नव्हती, कारण मुलाच्या अंगावर काही टाकलेलंच नव्हतं.

मागे वळून पाहताना माणूस फार गोड बोलतो. म्हणून उरलेलंही सांगते. मांजर मारलं तर काशीला जाऊन सोन्याचं मांजर दान द्यावं लागतं, ही धास्ती तेव्हा घराघरात होती. त्यामुळे मांजर कोणी मारत नसे. पिल्लं जास्त झाली की पोत्यात घालून नदीपलीकडे सोडून येत आणि पाप टळलं असं समजत. दीड महिन्याचं पिल्लू त्या काठावर काय खाणार, हा हिशेब काशीच्या दानात बसत नव्हता. उरलेल्यांतली काही बोक्याने मारली, काही पावसाळ्यात गेली. मांजरीचं ऑपरेशन करून पिल्लं थांबवता येतात, हे गावात कोणाच्या कानावरही नव्हतं.

ओरखड्यावर पाणी पडलं ते मोठ्या मायच्या शहाणपणाने. इतरांच्या घरी चुना, हळद, तिखट काहीही लावत. पिसाळलेलं कुत्रं चावलं तर पोटात बेंबीभोवती चौदा इंजेक्शनं, ही गोष्ट आम्हाला भुताच्या गोष्टीसारखी सांगितली जाई. मांजराचं चावणं तर कोणी हिशेबातच धरत नसे. खरं म्हणजे रेबीज मांजराकडूनही होतो आणि एकदा लक्षणं दिसली की माणूस वाचत नाही. जुनी पोटातली लस आपल्या देशात 2004-05 च्या सुमारास बंद झाली. आता दंडावर चार-पाच वेळा घ्यायची लस सरकारी दवाखान्यात मिळते. मांजराने चावलं किंवा ओरबाडलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची, वर काही चोपडायचं नाही आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. या बाबतीत आजचा काळ शंभर पटीने बरा. पोटातल्या इंजेक्शनांचं स्मरणरंजन कोणी करू नये.

मग बदललं काय? मांजराची नोकरी गेली. आमच्या भागात ज्वारीची शेतं आटली, तिथे सोयाबीन आलं. कणगी गेली, पत्र्याची कोठी आली. शिंक्याचं तुटलं की बोक्याचं फावायचं. आता शिंकंच नाही, दूध फ्रिजमध्ये. कापूस बहुधा शेतातून गाडीत आणि गाडीतून जिनिंगला जातो. 2023 मध्ये भाव पडले म्हणून विदर्भात अनेकांनी तो पुन्हा घरात भरून ठेवला आणि त्यापायी घरच्यांच्या अंगाला खाज सुटल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मला आमची मधली खोली आठवली. पण त्या कापसात आता मांजर क्वचितच. उंदरांसाठी विषाच्या गोळ्या मिळतात आणि विष खाल्लेला उंदीर खाऊन मांजरंही मरतात.

आणि याच काळात मांजर शहरात फ्लॅटमध्ये शिरलं. कामावर नव्हे, हौसेने. पोरीने मोबाइलवर रील पाहिली, बाबाने नागपूरहून पर्शियन पिल्लू मागवलं, वाढदिवसाला रिबीन बांधून हातात दिलं. आता त्या मांजरापुढे उंदीर नाहीत, कापूस नाही, अंगण नाही. दिवसभरात त्याच्या वाट्याला एकच उद्योग आहे, तो म्हणजे ती साडेचार वर्षांची पोरगी. तिने शेपूट ओढलं तर चढून जायला कवेलू नाहीत. आईबाबा दोघंही नोकरीला, आजी गावाकडे. मधे पडणारं माणूस असलंच तर कामवाल्या ताई, त्याही घाईत.

जुन्या घरात मूल आणि मांजर यांचं नातं हा दहा नात्यांपैकी एक धागा होता. नव्या घरात सगळा भार त्या एकाच धाग्यावर येतो. म्हणून मूल तयार आहे का, हा प्रश्न आज खरा आहे, आणि तो विचारणारे आईबाप लाडावलेले नाहीत, शहाणे आहेत.

आता मूल. पाच वर्षांच्या मुलाला मी जवळून पाहिलंय. माझ्या वर्गात एक पोरगा आठवडी बाजारातून घेतलेलं, गुलाबी रंगात बुडवलेलं कोंबडीचं पिल्लू चड्डीच्या खिशात घालून आला होता. दर पाच मिनिटांनी ते काढायचा, गालाला लावायचा, दोन्ही हातांनी घट्ट धरायचा. ते चिवचिवलं की आणखी घट्ट धरायचा, कारण त्याला वाटे की ते भ्यायलंय. मधल्या सुटीपर्यंत पिल्लाची मान कलली. पोरगा दुष्ट नव्हता. त्या पिल्लावर त्याच्याएवढी माया वर्गात कोणाची नव्हती. या वयात जीव लावणं येतं, हाताचा जोर कळत नाही आणि समोरच्याचं ओरडणं म्हणजे 'सोड' हे उमगत नाही. तीन-चार वर्षांखालच्या मुलांना आपला राग आणि हाताचा झटका आवरता येत नाही, असं बालतज्ज्ञही सांगतात. दहा वर्षांच्या आतलं मूल मांजराची पूर्ण जबाबदारी एकट्याने घेऊ शकत नाही, हेही तेच सांगतात. घरोघरच्या मोठ्या मायांनी हे पुस्तक न वाचता ओळखलं होतं.

मग ओळखायचं कसं? वय विचारण्यापेक्षा आठ-पंधरा दिवस मुलाकडे बघा. 'थांब' म्हटल्यावर त्याचा हात थांबतो का, की आणखी एकदा करून मग थांबतो? शेजारचं मूल 'माझं खेळणं दे' म्हणालं तर हे देतं का, की छातीशी धरून पळतं? जमिनीवर बसून, हात उघडा ठेवून, काही न करता दोन मिनिटं थांबता येतं का? मांजर त्याच हाताकडे येतं, मागे धावणाऱ्या हाताकडे येत नाही. कान मागे पडले, शेपूट आपटायला लागलं, फस्स केलं, या तीन खुणा त्याला ज्याच्या घरी मांजर आहे अशा एखाद्या नातेवाइकाकडे नेऊन दाखवा. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत 'आई, तिला नको वाटतंय' असं मूल आपण होऊन म्हणालं, तर ते तयारीला लागलं असं समजा. याच भेटींत कोणाला शिंका येतात का, डोळे चोळावेसे वाटतात का, छाती भरते का, हेही कळून जाईल. मांजर घरी आणून मग ॲलर्जी निघाली की त्यात मांजराचे हाल होतात.

तयारीची दुसरी खूण कंटाळा. दिवसातून दोनदा मातीचा ट्रे साफ करणं, पाणी बदलणं, हात धुणं, यात रील होण्यासारखं काही नाही. घरातल्या तुळशीला मूल रोज तांब्याभर पाणी घालतं का, पाहा. पहिल्या आठवड्यात सगळीच घालतात. महिन्याने घालतं का, ते बघायचं.

लहान मूल असलेल्या घरात बहुतेक लोक लहान पिल्लू आणतात. लहानाला लहान शोभतं असं वाटतं. माझं मत उलट आहे. पाच-सहा वर्षांच्या मुलासाठी दोन-तीन वर्षांचं, शांत, माणसाळलेलं मांजर बरं. ते निसटून जाऊ शकतं, 'पुरे' म्हणू शकतं, त्याची हाडं सहज मोडत नाहीत. त्याचा स्वभावही आधीच कळलेला असतो. असं मांजर विकत घ्यावं लागत नाही. गल्लीत, ओळखीत चौकशी केली तरी मिळतं, आणि पिपरी मेघेच्या करुणाश्रमासारख्या ठिकाणी बेवारस जनावरांना सांभाळणारी माणसं या गोष्टींत चार शब्द सांगू शकतात. पिल्लूच हवं असेल तर निदान आठ आठवडे, त्याहून थोडे जास्तच, आईपाशी राहिलेलं घ्या. आईने दोन थपडा मारून पंजा कितपत चालवायचा ते शिकवलेलं असतं. लवकर तोडलेलं पिल्लू ते शिक्षण तुमच्या मुलाच्या हातावर घेतं. आठव्या आठवड्यापासून त्याच्या लसी सुरू होतात, तिसऱ्या महिन्यात रेबीजची, आणि सहा महिन्यांच्या आसपास ऑपरेशन. हे केलं नाही तर पोत्याचा आणि नदीपलीकडच्या काठाचा प्रश्न तुमच्याही दाराशी येईल. जनावर असं सोडून देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. सोन्याचं मांजर देऊन तो फिटत नाही.

जुन्या घरातली एक गोष्ट नव्या घरात चालणार नाही, ती म्हणजे खाणं. आमची मनी ताक-भाकरीवर जगते असं आम्हाला वाटायचं. ती जगत होती उंदरांवर, पालींवर, चिमण्यांवर, ताक-भाकर वरकड. मांजराला मांसातून मिळणारं टॉरिन लागतं. ते न मिळाल्यास डोळे आणि काळीज निकामी होत जातं. वर्ध्याकडे निव्वळ शाकाहारी घरं पुष्कळ आहेत. स्वयंपाकघरात मांस नको असेल तर मांजराचं तयार खाणं आणावं लागेल, आणि तेही चालणार नसेल तर मांजर आणू नये. वरण-भातावर मांजर ठेवणं हे अहिंसेत बसत नाही. दुधाची वाटीही आठवणीतच ठेवा. मोठ्या झालेल्या बहुतेक मांजरांना दूध पचत नाही. आणि मांजर तापलंय म्हणून मुलाच्या औषधातली पॅरासिटामॉलची अर्धी गोळी प्रेमाने देऊ नका. मांजरासाठी ते विष आहे.

वर्ध्याच्या उन्हाळ्याविषयी इथल्या माणसाला काय सांगायचं! मे महिन्यात पारा 45 च्या पुढे जातो, लाइन गेली की कूलर बंद. चपट्या नाकाच्या, दाट केसांच्या पर्शियन मांजराला त्या हवेत श्वास घेणं जड जातं. आपल्या गल्लीतलं पातळ केसांचं, लांब तोंडाचं मांजर या उन्हाला सरावलेलं आहे. हौस भागवायची आहे की जनावर सुखात ठेवायचं आहे, हे ठरवा. दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर राहत असाल तर बाल्कनीला जाळी आधी, मांजर नंतर. घरात कोणाला दिवस गेले असतील तर ट्रे दुसऱ्याने साफ करावा, कारण विष्ठेतून टॉक्सोप्लाझ्माची लागण होऊ शकते. मात्र त्यासाठी असलेलं मांजर घराबाहेर काढायची गरज नसते.

आणखी एक हिशेब पालक करत नाहीत. घरात जपलेलं मांजर बारा-पंधरा वर्षं जगतं. आज पाच वर्षांची पोरगी तेव्हा वीस वर्षांची असेल. आपल्या जिल्ह्यातली मुलं बारावी झाली की नागपूरला नाहीतर पुण्याला जातात. होस्टेलवर मांजर नेता येत नाही. म्हणजे तुम्ही पोरीसाठी आणलेलं मांजर म्हातारपणी तुमच्या पायाशी बसणार आहे. तुम्हाला ते चालणार असेल, तरच पोरीला हो म्हणा.

सेवाग्रामच्या अंगणात वाढलेल्या आम्हा शिक्षकांना इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. 1932 मध्ये येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी आश्रमवासीयांना पत्रं लिहिली, त्यांत तिथल्या एका मांजरीविषयी लिहिलं आहे. ती आपली घाण मातीने कशी नीट झाकते, पिल्लांना तेच कसं शिकवते, हे पाहून त्यांनी तिला शिक्षिकाच मानलं. पाच वर्षांनी, 1937 मध्ये, वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम पुढे आली. हाताने काम करत, मोठ्यांच्या सोबतीने शिकायचं, हा तिचा गाभा. मांजर पाळणं शिकायला याहून वेगळी रीत नाही. ट्रे बाबाने साफ करावा आणि मुलीने माती आणून द्यावी. खाणं आईने वाढावं आणि मुलीने वाटी धुवावी. आज नुसतं 'तुझं मांजर, तूच बघ' म्हटलं की काम होतं असं आईबापांना वाटतं. आमच्या घरी 'तुझं मांजर' असं कोणी कोणाला म्हटलं नव्हतं. ते घराचं होतं आणि सगळ्यांनी थोडं थोडं सांभाळलं होतं.

फोन करणाऱ्यांना मी आता जे सांगते तेच इथे लिहिते. पाच वर्षांखालच्या मुलासाठी मांजर आणू नका. घरात आधीपासून असेल तर राहू द्या, पण दोघांना एकटं सोडू नका. पाच ते सात वर्षं असतील आणि दिवसाचा बराच वेळ घरात एखादं मोठं माणूस असेल, तर मोठं, शांत मांजर आणा. पिल्लासाठी मूल आठ-दहा वर्षांचं होऊ द्या. दिवसभर घराला कुलूप असेल तर मुलाच्या वयाने काही फरक पडत नाही, थांबा. वाढदिवसाची भेट म्हणून तर कधीच नको. आणि सगळं जुळून आलं तरी मे महिन्यात आणू नका. मृग लागू द्या, हवा थंड होऊ द्या, तोवर पोरीला रोज तुळशीला पाणी घालू द्या.